पीएसआय ते तपास अधिकारी: बडोद्याच्या मराठी उमेदवारांसाठी टप्प्याटप्प्याने तयारी

पीएसआयच्या, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाच्या, दर भरतीला तेच होते. नवलखी मैदानावर पहाटे घाम गाळणारी मुले-मुली मैदानी चाचणी पार करतात, पहिल्या पेपरातही तरतात आणि दुसऱ्या पेपरात गुजराती निबंधापाशी अडतात. जे निवडले जातात त्यांच्यातलेही काही ठाण्यात गेल्यावर पहिल्याच पंचनाम्यात गडबडतात. दोन्हीचे कारण एकच आहे. लिहिण्याचा सराव शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि तो महिना कधी येतच नाही.

संध्याकाळी दांडिया बाजारात मी या पेपराची लेखन-शिकवणी घेतो. घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि गुजराती फक्त बोलण्यापुरती, अशी बहुतेकांची स्थिती असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. क्रम जसा दिला आहे तसाच पाळा. खाली दिलेले गुण आणि वेळा २०२४ च्या भरतीपासून लागू झालेल्या पद्धतीप्रमाणे आहेत. तुमच्या जाहिरातीत बदल असेल तर जाहिरात अंतिम.

## टप्पा १: कोणते पद हवे ते आधी ठरवा

'डिटेक्टिव्ह' म्हणून थेट भरती गुजरात पोलिसांत होत नाही. ठाण्याचा डी-स्टाफ (गुन्हे शोध पथक), शहराची डीसीबी (गुन्हे शाखा), एसओजी (विशेष पथक), जिल्ह्याची एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा), राज्याची सीआयडी क्राइम, या सगळ्या जागा दलातल्याच लोकांतून भरतात. तपासाचे काम करायचे असेल तर सर्वांत सरळ वाट बिनहथियारी पीएसआयची. हथियारी संवर्ग वेगळा आहे. त्याचे काम मुख्यतः बंदोबस्त, मुख्यालय आणि राखीव दलाचे असते. तपासाची ओढ असलेले कितीतरी जण अर्जात हा फरक न पाहता पसंती भरून मोकळे होतात.

पीएसआयसाठी पदवी लागते. वय २१ ते ३५, राखीव वर्गांना नियमाप्रमाणे सवलत. पुरुषांची उंची किमान १६५ सेंटिमीटर आणि छाती ७९, फुगवून ८४. महिलांची उंची किमान १५५. मूळ गुजरातच्या अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना उंचीत सूट आहे.

तपासा: उंची घरच्या भिंतीवर पेन्सिलीची खूण करून मोजू नका. सकाळी, अनवाणी, स्टेडिओमीटरवर मोजून घ्या. १६५ च्या काठावर असाल तर हे आधी कळलेले बरे.

## टप्पा २: कागदपत्रे अर्जाच्या आधी

अर्ज ओजस या गुजरात सरकारच्या नोकरभरती संकेतस्थळावर भरायचा असतो. उमेदवार आधी अर्ज भरतात आणि कागद पडताळणीच्या वेळी गोळा करतात. हा क्रम उलटा हवा, कारण अर्जात टाकलेले नाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग नंतर बदलत नाहीत.

1. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी आणि आधार ही चार कागदे एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. नावाचे इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर लावून पाहा. मराठी घरांत गोंधळ हमखास इथेच सापडतो. गुजरातच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर शेवटी. 'राव' किंवा 'बाई' एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी नावबदलाचा पुरावा आत्ताच काढून ठेवावा.

2. जातीचा दाखला. आजोबांनी सातारा किंवा जळगावहून काढलेला महाराष्ट्राचा दाखला गुजरातच्या आरक्षणासाठी चालत नाही. गुजरातच्या यादीप्रमाणे इथल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेलाच लागतो. तो मिळणार नसेल तर खुल्या प्रवर्गातून अर्ज करा. प्रवर्ग चुकला की पडताळणीत सगळी मेहनत बाद होते.

3. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) उमेदवारांनी नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र राज्याच्या नोकरीसाठीच्या गुजराती नमुन्यातच घ्यावे. केंद्राच्या नोकरीचा इंग्रजी नमुना इथे उपयोगाचा नाही. जाहिरातीत प्रमाणपत्राच्या तारखांची मुदत दिलेली असते, ती नीट वाचा.

4. संगणकाच्या प्राथमिक ज्ञानाचा पुरावा. दहावी, बारावी किंवा पदवीला संगणक विषय असेल तर ती गुणपत्रिका, नसेल तर मान्य संस्थेचे प्रमाणपत्र.

5. अर्ज भरताना पीएसआय, लोकरक्षक (शिपाई) किंवा दोन्ही असे पर्याय येतात. दोन्हीला पात्र असाल तर 'दोन्ही' निवडा. मैदानी चाचणी एकदाच द्यावी लागते आणि संधी दोन मिळतात.

इशारा: अर्ज 'सेव्ह' झाला म्हणजे भरला गेला असे नाही. 'कन्फर्म' करून कन्फर्मेशन क्रमांक आला, छापील प्रत काढली आणि फी लागू असल्यास तिची पावती मिळाली, तरच अर्ज पूर्ण झाला.

## टप्पा ३: धावणे

मैदानी चाचणी आता फक्त पात्रतेची आहे. पुरुषांना ५,००० मीटर २५ मिनिटांत, महिलांना १,६०० मीटर ९ मिनिटे ३० सेकंदांत, माजी सैनिकांना २,४०० मीटर १२ मिनिटे ३० सेकंदांत. लवकर पोहोचल्याचे जास्तीचे गुण नाहीत. त्यामुळे २० मिनिटांत धावण्याच्या हट्टापायी नडगी दुखवून घेण्यात आणि तीन आठवडे अभ्यास बुडवण्यात काही अर्थ नाही.

गणित सोपे आहे. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ५,००० मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. २५ मिनिटांसाठी प्रत्येक फेरीला दोन मिनिटे मिळतात. सरावात एक मिनिट ५० सेकंदांची फेरी स्थिर ठेवता आली की सुमारे २३ मिनिटांत दौड संपते आणि हाताशी दोन मिनिटे उरतात. महिलांच्या चार फेऱ्या, प्रत्येकी २ मिनिटे २२ सेकंद. सरावात २ मिनिटे १० सेकंदांचे लक्ष्य ठेवा.

सरावाचा क्रम असा ठेवा. पहिले चार आठवडे वेळ न पाहता अंतर वाढवा, आठवड्यातून चार दिवस. पुढचे सहा आठवडे एक दिवस लांब आणि संथ दौड, एक दिवस ठरलेल्या वेळेच्या फेऱ्या, एक दिवस मध्यम दौड. शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक पूर्ण रंगीत तालीम, तीही चाचणीच्या वेळेला, म्हणजे पहाटे. कमाटीबागेत फिरायला छान वाटते, पण तिथे वळणे आणि माणसे फार. वेळेच्या फेऱ्यांसाठी मोकळे मातीचे मैदान बघा.

चुका तीनच होतात, पण दरवर्षी होतात. पहिली फेरी गर्दीबरोबर दीड मिनिटात मारायची आणि आठव्या फेरीला चालायला लागायचे. चाचणीसाठी नवे बूट घ्यायचे. आणि पायाला बांधलेल्या आरएफआयडी चिपची खातरजमा न करता सुटायचे. चिप घट्ट बसली आहे का, क्रमांक आपलाच आहे का, हे सुरू होण्याआधी पाहा. आपल्या फेऱ्या स्वतःही मोजा.

## टप्पा ४: पहिला पेपर

२०० गुण, तीन तास, बहुपर्यायी. 'अ' भागात तर्कक्षमता व माहितीचे विश्लेषण ५० आणि अंकगणित ५०. 'ब' भागात राज्यघटना व लोकप्रशासन, इतिहास-भूगोल-सांस्कृतिक वारसा, चालू घडामोडी, पर्यावरण-विज्ञान-अर्थकारण, प्रत्येकी २५. दोन्ही भागांत वेगवेगळे किमान ४० टक्के लागतात. चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण वजा.

कला शाखेचे बरेच जण 'ब' भागावर विसंबून 'अ' भागात अंदाजाने गोळे भरतात. हिशेब करून पाहा: १०० पैकी ४४ बरोबर आणि ५६ चूक आले, तर ४४ मधून १४ वजा होऊन ३० उरतात. ४४ प्रश्न येत असूनही नापास. तेच ४४ बरोबर ठेवून अंदाज फक्त १२ ठिकाणी चुकला असता तर ४१ गुण होऊन भाग सुटला असता.

'उत्तर दिले नाही' यासाठी वेगळे वर्तुळ असते. प्रश्न सोडायचा असेल तर तेच भरा. पाचही वर्तुळे कोरी ठेवली तरी गुण कापले जाऊ शकतात, म्हणून उत्तरपत्रिकेवरची सूचना पहिल्या मिनिटात वाचा.

तयारीचा क्रम 'अ' आधी, 'ब' नंतर. गणित आणि तर्कक्षमता रोज थोडी थोडी केली तरच हातात बसते. गुजरातच्या इतिहास-भूगोलासाठी गुजरात राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची सहावी ते बारावीची पुस्तके गुजरातीतच वाचा. इंग्रजी भाषांतराच्या गाइडवर राहू नका, कारण त्याच वाचनातून दुसऱ्या पेपराचे शब्द मिळतात.

## टप्पा ५: दुसरा पेपर, जिथे निकाल ठरतो

१०० गुण, तीन तास, पूर्ण वर्णनात्मक. गुजराती ७०: सुमारे ३५० शब्दांचा निबंध ३०, सारांश १०, उताऱ्यावरील प्रश्न १०, अहवाल १०, पत्र १०. इंग्रजी ३०: सारांश १०, उतारा १०, गुजरातीतून इंग्रजीत भाषांतर १०.

पहिल्या पेपरात गुणवत्ता यादीच्या काठावर बसलेल्यांत दोन-चार गुणांचा फरक असतो. इथे तो सहज पंधरा-वीस गुणांचा पडतो. आणि मराठी घरातल्या उमेदवाराचे गुण जातात ते कल्पना कमी पडल्यामुळे फार थोडे, लिपी, प्रत्यय आणि वेळ यांमुळेच जास्त.

लिपीपासून सुरुवात. देवनागरीचा हात असलेल्यांचे अ, इ, ख, ज, झ गुजरातीत घाईच्या वेळी देवनागरी होऊन जातात आणि मधेच डोक्यावर रेघ येते. पहिले तीन आठवडे रोज एक पान गुजराती वर्तमानपत्राचा अग्रलेख पाहून उतरवून काढा. सुलेखन म्हणून नको, घड्याळ लावून. २० मिनिटांत एक पान, एकही देवनागरी अक्षर न येता, हे जमले की पुढे जा.

मग प्रत्यय. सर्वांत महाग चूक 'ने' ची. मराठीत 'ने' कर्त्याला लागतो, गुजरातीत तोच आवाज कर्माला. गुजरातीत 'पोलीसे चोरने पकड्यो' म्हणजे पोलिसाने चोराला पकडले. मराठी कान असलेला उमेदवार घाईत 'पोलीसने' लिहितो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे पोलीसच पकडला जातो. माझ्याकडच्या एका मुलीच्या वहीत सायकलचोरीचा अहवाल होता. मांडणी उत्तम, अक्षर मोत्यासारखे, पण एका पानात 'ने' चार ठिकाणी उलटा पडला होता आणि दोन ठिकाणी फिर्यादीच आरोपी झाला होता. तिने त्यानंतर प्रत्येक अहवालात कर्त्याखाली एक रेघ आणि कर्माखाली दोन रेघा मारून तपासायची सवय लावली. ही सवय तुम्हीही लावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची वेगळी वही ठेवा. तीच पंधरा-वीस अक्षरे पुन्हा पुन्हा चुकतात.

अहवालाचा साचा. कधी, कुठे, कोणी कळवले, काय घडले, जागेवर काय केले, काय शिल्लक आहे. सहा प्रश्न, सहा लहान परिच्छेद. विशेषणे नकोत, स्वतःचे मत नको. सरावासाठी शहरातलाच प्रसंग घ्या: ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात पाण्याखाली गेलेल्या वस्तीतले बचावकार्य, मांडवीतली गर्दी आणि वाहतूक, गणेश विसर्जनाचा बंदोबस्त. डोळ्यांनी पाहिलेले असले की अहवाल पोकळ होत नाही.

निबंध. मुद्दे काढायला पाच मिनिटे द्याच. सायबर फसवणूक, व्यसन, रस्त्यावरचे अपघात, महिलांची सुरक्षा, पाणी, असे वीस विषय घेऊन प्रत्येकाचे फक्त मुद्दे आणि एक-एक उदाहरण लिहून ठेवा. पाठ केलेली सुभाषिते एका निबंधात एकापेक्षा जास्त नकोत. तपासणाऱ्यासमोर तीच सुभाषिते गठ्ठ्याने येतात.

सारांश. मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दांत, शीर्षकासह. मूळ वाक्ये कापून जोडलेला सारांश दिसताक्षणी ओळखू येतो.

इंग्रजी. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे गुण हातचे वाटतात, म्हणून ती सरावच करत नाहीत. भाषांतर गुजरातीतून करायचे आहे हे लक्षात ठेवा. उतारा नीट समजला नाही तर इंग्रजी कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

वेळेची वाटणी: निबंध ५० मिनिटे, सारांश १५, उतारा १५, अहवाल २०, पत्र १५, इंग्रजी ४५. उरलेली २० मिनिटे प्रत्यय आणि शुद्धलेखन तपासायला. निबंधात दीड तास घालवून पत्र कोरे सोडणारे दरवर्षी भेटतात.

तपासा: परीक्षेआधी किमान आठ पूर्ण पेपर तीन तास सलग बसून लिहिलेले असावेत आणि ते गुजराती माध्यमात शिकलेल्या, शक्यतो शिक्षक असलेल्या व्यक्तीने लाल पेनाने तपासलेले असावेत. मराठी मित्राने तपासलेला पेपर धरू नका. त्यालाही 'ने' दिसत नाही. बसायला जागा नसेल तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. गुजराती वर्तमानपत्रेही तिथेच वाचून होतील.

## टप्पा ६: कराई

निवड, कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी झाली की गांधीनगरजवळच्या कराई येथील गुजरात पोलीस अकादमीत साधारण वर्षभराचे प्रशिक्षण असते. पहाटे कवायत, दिवसा वर्ग, शस्त्र, व्यायाम. शरीराचे होते, सवयीने जमते. मागे पडतात ते कायद्यात.

जायच्या आधीच्या रिकाम्या महिन्यांत एकच काम करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तिन्ही कायदे, म्हणजे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, गुजराती प्रतीतून एकदा सलग वाचा. जुनी कलमे पाठ असलेल्या वडीलधाऱ्यांकडून '३०२', '४२०' ऐकत मोठे झालेल्यांनी जास्त जपावे. आता न्याय संहितेत खून १०३, फसवणूक ३१८, चोरी ३०३. गळ्यातली साखळी हिसकावण्यासाठी ३०४ हे स्वतंत्र कलम आहे. जुन्या दंड संहितेत ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध होता, त्यामुळे हा आकडा विशेष लक्ष देऊन लिहा.

तपासाच्या मुदती एका कार्डावर लिहून खिशात ठेवा:

- ऑनलाइन आलेल्या माहितीवर तक्रारदाराची सही: ३ दिवसांत.
- ३ वर्षे किंवा जास्त पण ७ पेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने प्राथमिक चौकशी: १४ दिवसांत.
- अटक केलेल्याला न्यायाधीशांसमोर: २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून.
- वॉरंटशिवाय घेतलेल्या झडतीच्या नोंदीची प्रत न्यायाधीशांकडे: ४८ तासांत.
- बलात्कार आणि पॉक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) ठरावीक गुन्ह्यांचा तपास: २ महिन्यांत.
- फिर्यादी किंवा पीडिताला तपासाची प्रगती कळवणे: ९० दिवसांत.
- आरोपी कोठडीत असताना आरोपपत्र: गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत. चुकले तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

इशारा: मुदती पाठ करताना त्या कोणत्या दिवसापासून मोजायच्या हेही लिहा. आरोपपत्राचे ६० आणि ९० दिवस पहिल्या रिमांडच्या तारखेपासून धरतात, गुन्हा दाखल झाल्याच्या तारखेपासून नाही.

## टप्पा ७: ठाण्यातला पहिला तपास

इथे कामाचा क्रम चुकला की पुढे दुरुस्त होत नाही. समजा मांजलपूरमध्ये सकाळी साखळी हिसकावली गेली आणि तपास तुमच्याकडे आला.

1. फिर्याद. बाईंच्या शब्दांत लिहा. 'दोन अज्ञात इसमांनी' असा छापील सूर नको. गाडीचा रंग, पाठीमागच्याने काय घातले होते, साखळीचे वर्णन आणि वजन, पावती आहे का, आरोपी पुन्हा पाहिला तर ओळखू येईल का, हे सगळे पहिल्याच जबाबात हवे. नंतर ओळख परेड घ्यायची वेळ आली आणि फिर्यादीत वर्णनच नसले तर बचावाचा वकील तिथेच पकडतो. हद्द दुसऱ्या ठाण्याची निघाली तरी फिर्याद नोंदवून पाठवायची असते, माणसाला परत पाठवायचे नसते.

2. सीसीटीव्ही पहिल्याच दिवशी. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात) जुने रेकॉर्डिंग आपोआप पुसले जाते. दुकानात गेल्यावर आधी डीव्हीआरवरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक टिपा आणि पंचनाम्यात लिहा. सात मिनिटांचा फरक नोंदवायचा राहिला तर आरोपी त्या वेळी दुसरीकडे होता असे सिद्ध व्हायला वाट मोकळी होते. कॉपी घेताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र हवे. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा) लिहायचे. जालन्याच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, २०२० मध्ये, जुन्या कायद्याखालचे असे प्रमाणपत्र कॉपीसाठी अनिवार्य ठरवले गेले. पेनड्राइव्ह आणून कपाटात ठेवणे हा पुरावा होत नाही.

3. अटक. या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटक का आवश्यक आहे याची कारणे लिहावी लागतात, नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस द्यायची असते. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून न्यायाधीश ही कारणे पाहतात. छापील फॉर्मवर सगळ्या चौकोनांत खुणा करणे पुरेसे नाही. अटकेची कारणे आरोपीला लेखी द्या, नातेवाइकाला कळवल्याची वेळ नोंदवा, वैद्यकीय तपासणी करून घ्या.

4. झडती आणि जप्ती. त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे आहे. रेकॉर्डिंग दाराबाहेर सुरू करा. पंच आत येण्याआधी पोलीस कुठे होते हेही त्यात दिसले पाहिजे.

आता पंचनाम्याची भाषा. नव्यांचा पंचनामा असा असतो: 'घराची झडती घेता कपाटातून एक मोबाइल व रोख रक्कम मिळून आली ती जप्त केली.' पंच फितूर झाला की या ओळीत काहीच उरत नाही. तोच मजकूर असा लिहा: 'जिन्याने वर गेल्यावर डावीकडची खोली. उत्तरेच्या भिंतीला लागून दोन दारांचे लोखंडी कपाट. उजव्या दारामागे वरून दुसऱ्या कप्प्यात, निळ्या टॉवेलखाली, काळ्या रंगाचा मोबाइल, काच उजव्या वरच्या कोपऱ्यात तडकलेली, फोन बंद स्थितीत. शेजारी ५०० रुपयांच्या २३ नोटा, एकूण ११,५०० रुपये.' त्यानंतर वस्तू कोणी पाकिटात घातली, सील कोणते, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी कुठे लावली, वेळ किती. बंद फोन 'बघू या' म्हणून चालू करू नका. चालू असेल तर नेटवर्क तोडून तसाच न्या. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, १५ अंकी असतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात, ते अंक दोघांनी वाचून पडताळा.

5. आरोपीने दाखवलेला मुद्देमाल. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे, आरोपीच्या सांगण्यावरून जी वस्तू सापडली तिच्याशी थेट संबंधित तेवढाच भाग चालतो. म्हणून क्रम जपा: ठाण्यात पंचांसमोर आरोपी काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत, पंचनाम्याचा पहिला भाग, वेळ आणि सह्या. मग आरोपी पुढे, पंच आणि पोलीस मागे. मग जागा, वस्तू, दुसरा भाग, पुन्हा वेळ आणि सह्या. नवे अधिकारी सगळे जागेवर जाऊन एकदम लिहितात. पोलिसांना जागा आधीच माहीत होती असा संशय तिथेच उभा राहतो. सोनाराकडे साखळी मिळाली तर सोनाराचा जबाब त्याच दिवशी घ्या आणि फिर्यादी बाईंकडून ती ओळखून घ्या.

6. केस डायरी रोज. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ प्रमाणे त्या दिवशी कुठे गेलो, किती वाजता, कोणाला भेटलो, काय कळले. आठवड्याची डायरी रविवारी एकदम लिहिली की शाई आणि वेळा दोन्ही बोलतात.

तपासा: पंचनामा, स्टेशन डायरी, केस डायरी आणि गाडीचे लॉगबुक या चारही ठिकाणच्या वेळा एकमेकींशी लावून पाहा. आरोपपत्र पाठवण्याआधी ही जुळणी वेगळ्या कागदावर करा. शिक्षा सात वर्षे किंवा जास्त असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेला भेट दिल्याची नोंदही याच वेळी पाहा.

## टप्पा ८: तपास शाखेकडे

डी-स्टाफ किंवा डीसीबीत घ्यायचे का हे वरिष्ठ ठरवतात आणि ते तुमची आरोपपत्रे पाहतात. पहिल्या दोन वर्षांत चोरी, हाणामारी, अपघात असे साधे तपास नीट पूर्ण करा. मोठ्या गुन्ह्याच्या पथकात नाव लागण्याची घाई करू नका.

पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या केंद्रीय गुप्तचर प्रशिक्षण संस्था अशाच अधिकाऱ्यांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेतात. गुजरातला जवळची जयपूरची. कोलकाता, हैदराबाद, चंडीगड, गाझियाबाद इथेही आहेत. नावे खात्यामार्फत जातात, स्वतः अर्ज करून उपयोग नसतो, म्हणून आपल्या विभागात परिपत्रक आले की वाचक शाखेत (वरिष्ठांच्या कार्यालयातली कागदपत्रे पाहणारी शाखा) लेखी इच्छा कळवून ठेवा. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ हाताच्या अंतरावर आहे. सायबर आणि डिजिटल पुराव्याचे प्रशिक्षण तिथे मिळाले तर सोडू नका. जाताना स्वतःच्या तपासातला एक अडलेला कागद, नाव-पत्ते झाकून, बरोबर न्या आणि नेमका त्याच्याबद्दल प्रश्न विचारा.